निळा पडदा आला म्हणून फॉरमॅट मारू नका

या वेळच्या पत्रांत निळ्या पडद्याची तक्रार सगळ्यात जास्त आहे. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवून आज तेवढ्याच विषयाची पत्रं घेते. सांगलीत विश्रामबागेत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. खाली जे सांगते आहे ते रोज टेबलावर मशीन उघडून केलेलं काम आहे.

प्रश्न : ताई, घरी डेस्कटॉप आहे, विंडोज १०. आठ जीबी रॅम होती, गेल्या दिवाळीत आणखी आठ जीबी टाकून घेतली. मी सकाळी आमच्या गावाच्या जुन्या नोंदी टाइप करतो. संध्याकाळी सूनबाई बेदाण्याच्या व्यापाऱ्यांचे जीएसटीचे हिशेब करते. ती कामाला बसली की तास-दीड तासात पडदा निळा होतो, उदास चेहरा येतो, खाली टक्के वाढत जातात आणि मशीन आपोआप पुन्हा चालू होतं. सकाळी मात्र काही होत नाही. दुरुस्तीवाल्याने दोनदा फॉरमॅट मारून दिलं. काही दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच. आता तो हार्ड डिस्क बदला म्हणतो. पडद्यावर आलेली नावं मी वहीत लिहून ठेवली आहेत : एकदा ‘मेमरी मॅनेजमेंट’, एकदा ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’, एकदा ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’, पुन्हा ‘मेमरी मॅनेजमेंट’. काय करावं?
— निवृत्त शिक्षक, तासगाव

उत्तर : गुरुजी, नमस्कार. तुम्ही ती नावं वहीत उतरवलीत, निम्मं काम तिथंच झालं. दुकानात येणारी बहुतेक माणसं “काहीतरी इंग्रजीत आलं होतं” एवढंच सांगतात आणि मग मला शून्यापासून सुरुवात करावी लागते.

आधी हा पडदा येतो कशाला ते सांगते, कारण ते कळलं की घाबरणं थांबतं. शेतातल्या मोटारीचा स्टार्टर तुम्ही पाहिलाच असेल. एक फेज गेली की तो ट्रिप होतो. मोटार जळू नये म्हणून तो पडतो. वैतागून कुणी त्याला काडी लावून ठेवली तर मोटार चालते, पण वाइंडिंग जळेपर्यंतच. निळा पडदा म्हणजे विंडोजने स्वतःहून घेतलेलं ट्रिप. विंडोजच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, असं काही सापडतं की यापुढे चालू राहिलं तर चुकीची माहिती डिस्कवर लिहिली जाईल. मग तो सगळं जागच्या जागी थांबवतो, त्या क्षणी काय चाललं होतं त्याची नोंद डिस्कवर टाकतो आणि मशीन नव्याने चालू करतो. ते टक्के वाढताना दिसतात ना, ती ही नोंद लिहिण्याची वेळ असते. म्हणून त्या वेळी बटण दाबून मशीन बंद करू नका. शंभर टक्के होऊ द्या.

आता फॉरमॅटचं. याबद्दल मला मनापासून चीड आहे आणि ती लपवत नाही. फॉरमॅटने फक्त डिस्कवर लिहिलेलं बदलतं. रॅम तीच राहते, मशीनला वीज पुरवणारा डबा म्हणजे एसएमपीएस तोच, सगळे भाग जोडलेले असतात तो मदरबोर्ड तोच, भिंतीतली वायरिंगही तीच. दोष त्यांच्यापैकी कशात असेल तर तो जाणारच नाही. आणि नुकसान असं होतं की आधीच्या प्रत्येक निळ्या पडद्याची नोंद त्याच डिस्कवर होती, ती फॉरमॅटमध्ये पुसली गेली. दोन वेळा पुरावा पुसून झाल्यावर आता हार्ड डिस्क बदला म्हणणं हा अंदाजपंचे कारभार आहे. डिस्क खराब असूही शकते, पण ते तपासून सांगायचं असतं.

काही करण्यापूर्वी आजच्या आज सूनबाईंचा डेटा बाहेर काढा. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बॅकअपची सोय असते. तो बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्या, दुसरी प्रत वेगळ्या जागी ठेवा आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो उघडतो का ते बघा. न उघडणारा बॅकअप ऐन रिटर्न भरायच्या तारखेला कळतो. तुमच्या गावाच्या नोंदींचंही तेच करा, त्या तर पुन्हा कुठून मिळणार?

आता तुमची वही. नेहमी एकच नाव येत असेल आणि त्यासोबत एकाच ड्रायव्हरच्या, म्हणजे विंडोजकडून एखादा भाग चालवून घेणाऱ्या छोट्या प्रोग्रामच्या, फाइलचं नाव दिसत असेल, तर संशय त्या ड्रायव्हरवर घ्यायचा. तुमच्याकडे नावं बदलती आहेत आणि सगळी मेमरीच्या घरातली आहेत. शिवाय दोन फॉरमॅटनंतरही ती टिकून आहेत. हे सगळं रॅमकडे बोट दाखवतं. त्यात दिवाळीत नवी पट्टी टाकलेली. गुरुजी, त्रास त्यानंतरच सुरू झाला का, हे पत्रात नाही. सूनबाईंना विचारून बघा, बहुतेक “हो” म्हणतील.

“मग सकाळी का होत नाही?” हा तुमच्या पत्रातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे. सकाळी तुम्ही एक लिखाणाची फाइल उघडता, रॅमचा थोडाच भाग वापरला जातो. संध्याकाळी हिशेबाचं सॉफ्टवेअर, जीएसटीचं पोर्टल, पाच-सात टॅब, व्हॉट्सॲप, मोठ्या एक्सेल फाइली असं सगळं एकदम उघडं असतं. जितकी जास्त रॅम भरते तितकी तिच्यातल्या बिघडलेल्या भागावर काहीतरी लिहिलं जाण्याची शक्यता वाढते. फॉरमॅटनंतर काही दिवस बरं का चालतं, तेही यातून कळतं. नव्या विंडोजवर सुरुवातीला फारसं काही टाकलेलं नसतं, मशीन हलकं असतं. एकेक सॉफ्टवेअर परत बसलं की मूळ दुखणं वर येतं.

पहिली तपासणी घरी करता येते. स्टार्ट बटणाजवळच्या शोधात इंग्रजीत ‘मेमरी’ टाइप करा, ‘विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक’ येईल. ते मशीन रीस्टार्ट करून रॅम तपासतं. मात्र ही तपासणी वरवरची असते. तिने दोष दाखवला तर दोष नक्की आहे, नाही दाखवला तर रॅम चांगलीच आहे असं धरू नका. मी मेमटेस्ट८६ नावाचं रॅम तपासणारं सॉफ्टवेअर वापरते. पेन ड्राइव्हवर टाकून त्यावरूनच मशीन चालू करायचं आणि रात्रभर चालू ठेवायचं. विंडोज त्यात येतच नाही, त्यामुळे विंडोज किंवा ड्रायव्हरचा दोष असण्याचा प्रश्नच मिटतो. सकाळी एकजरी लाल ओळ दिसली तरी मशीन तसंच वापरून चालणार नाही. “एकच तर एरर आहे” म्हणून सोडू नका, हिशेबाच्या आकड्यात तो एक कुठं बसेल ते सांगता येत नाही.

दोष दिसला की तो कोणत्या पट्टीत आहे ते शोधायचं. मशीन बंद करा, भिंतीतून प्लग काढा, मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे आतली उरलेली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या, त्यानंतरच रॅमला हात लावा. दोन्ही टोकांच्या खिट्ट्या सोडवून पट्ट्या काढा. सोनेरी दात पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा, कचरा झटका आणि आता एकच पट्टी लावा. पुन्हा रात्रभर तपासणी. मग दुसरी पट्टी, त्याच खाचेत. दोन्ही पट्ट्या एका खाचेत नीट चालतात आणि दुसऱ्या खाचेत कोणतीही लावली तरी एरर येते, असं झालं तर रॅम निर्दोष आहे आणि खाच खराब आहे. रॅम परत करायला निघालेली कितीतरी माणसं या एका तपासणीने वाचली आहेत.

आणखी एक शक्यता असते. दोन्ही पट्ट्या एकेकट्या ठणठणीत आणि जोडीने लावल्या की एरर. जुनी पट्टी एका कंपनीची, नवी दुसऱ्या कंपनीची, वेगही वेगळा. बहुतेक वेळा मदरबोर्ड दोघींना कमी वेगावर चालवून जुळवून घेतो, पण ते जमेलच याची खात्री नसते. अशा वेळी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये, रॅमचा वेग वाढवणारी एक्सएमपी नावाची सोय चालू असेल तर ती बंद करून बघा. तरीही एरर येत असेल तर एकाच संचातल्या दोन पट्ट्या घ्या. नवी पट्टी दिवाळीतच घेतली आहे, तर बिल शोधा. रॅमला बऱ्याच कंपन्या अनेक वर्षांची वॉरंटी देतात आणि लोक बिल हरवून बसतात.

एका वेळी एकच गोष्ट बदला, हे मात्र पाळाच. रॅम बदलली, त्याच दिवशी केबल बदलली, ड्रायव्हरही नवा टाकला आणि पडदा यायचा थांबला, तर दोष कशात होता ते कधीच कळणार नाही. बदललेलं आणि बदलल्याची तारीख त्याच वहीत लिहा.

रॅम निर्दोष निघाली तर मग डिस्क. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत दाखवतं. तिथं पिवळं किंवा लाल आलं की डेटा काढून डिस्क बदला, वाट बघू नका. निळं म्हणजे ‘गुड’ आलं तरी डिस्कची साटा केबल काढून घट्ट बसवा, सैल केबलही असे चाळे करते. डिस्कच्या दोषात सहसा ‘कर्नल डेटा इनपेज एरर’ किंवा ‘क्रिटिकल प्रोसेस डाइड’ अशी नावं दिसतात. तुमच्या वहीत ती नाहीत, म्हणूनच डिस्क बदलायची घाई करू नका असं म्हणते.

वीज हा आपल्या भागातला मोठा विषय आहे, पण त्यात लोकांची एक गल्लत होते. व्होल्टेज पडलं किंवा यूपीएसची बॅटरी मेली असेल तर मशीन फाटकन बंद पडतं, निळा पडदा न येता. खूप तापल्यावरही बहुधा असंच होतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या नोंदवहीत, ‘कर्नल पॉवर ४१’ ही नोंद दिसली की लोक लगेच एसएमपीएस बदलतात. ती नोंद एवढंच सांगते की मशीन नीट बंद न होता पुन्हा चालू झालं. कारण ती सांगत नाही. निळ्या पडद्यानंतरही ती येते. तिच्या आसपास ‘बगचेक’ नावाची १००१ क्रमांकाची नोंद आहे का ते बघायचं. ती असेल तर निळा पडदा होता, ती नसेल तर बहुधा वीज, ताप किंवा बटण. एसएमपीएस म्हातारा झाला की मात्र ताणाखाली आतलं व्होल्टेज डगमगतं आणि मग निळे पडदेही येतात, अगदी रॅमच्या नावाने. म्हणून रॅम स्वच्छ निघाली की दुकानातून दुसरा एसएमपीएस तात्पुरता लावून बघा. आणि घराचं अर्थिंग एकदा वायरमनकडून तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर ते काम आधी करा. तिथं प्रश्न कॉम्प्युटरपेक्षा घरातल्या माणसांचा आहे.

तासगावचं पत्र म्हणून एक विचारते. बेदाण्याचं शेड घराला लागून आहे का? गंधकाची धुरी देतात तेव्हा वास घरात येतो का? गंधकाच्या वाफेने तांब्या-चांदीवर काळा थर चढतो. मशीनच्या आतही तांबं-चांदी आहेच. तसं असेल तर धुरीच्या दिवसांत त्या बाजूची खिडकी बंद ठेवा, कॉम्प्युटर दुसऱ्या खोलीत हलवता आला तर आणखी बरं. इकडे सांगलीत मार्केट यार्डाच्या बाजूची मशीनं उघडली की पंख्यावर पिवळी हळद बसलेली असते. धूळ काढायला घरचा व्हॅक्युम क्लीनर थेट बोर्डावर फिरवू नका, त्याने स्थिर वीज तयार होते. ब्लोअर वापरा आणि तो मारताना पंखा बोटाने धरून ठेवा.

शेवटी विंडोजविषयी. विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. निळ्या पडद्याशी त्याचा संबंध नाही, पण बँक आणि जीएसटीचं काम होतं म्हणून पुढे ११ वर जावं लागेल. ते रॅमचा निकाल लागल्यावरच करा. खराब रॅमवर नवं विंडोज चढवलं की चढतानाच फाइली बिघडतात आणि नवं दुखणं सुरू होतं. ११ वर गेल्यावर पुढे कधी पडदा निळ्याऐवजी काळा दिसला आणि तो उदास चेहरा नसला तर गोंधळू नका. २०२५ पासून मायक्रोसॉफ्टने तो बदलला आहे. खाली कारणाचं नाव तसंच असतं, तेच वहीत लिहायचं.

प्रश्न : ताई, मी इंजिनीअरिंगला आहे. नवीन पीसी, ग्राफिक्स कार्ड वेगळं घेतलंय. ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर किंवा गेम चालू असताना स्क्रीन एकदम काळी होते, परत येते, पुन्हा काळी होते आणि मग निळी. ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’ असं येतं. निळ्या पडद्याच्या नोंदी दाखवणारं ब्लूस्क्रीनव्ह्यू टाकून बघितलं तर त्यात ‘एनटीओएसकर्नल’ लाल दाखवतो. म्हणजे विंडोजच खराब आहे का? सगळे ड्रायव्हर अपडेट करणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर पण टाकलंय, तरी फरक नाही.
— विद्यार्थी, मिरज

उत्तर : अरे, ते फुकटचं ड्रायव्हर अपडेटर सगळ्यात आधी काढून टाक. अशी सॉफ्टवेअरं भलतेच ड्रायव्हर बसवतात आणि दुकानात येणाऱ्या बऱ्याच निळ्या पडद्यांच्या मागे तीच निघतात. ड्रायव्हर दोनच ठिकाणांहून घ्यायचा : विंडोज अपडेट किंवा ज्याने वस्तू बनवली त्या कंपनीची साइट.

‘एनटीओएसकर्नल’ म्हणजे कर्नल स्वतः. पडदा निळा करायचं काम तोच करतो, त्यामुळे नोंदीत त्याचं नाव जवळपास नेहमी असतं. दुसऱ्या कुणीतरी केलेला गोंधळ त्याच्या लक्षात आला, एवढाच त्याचा संबंध. त्या यादीत त्याच्याशिवाय आणखी कोणाचं नाव पुन्हा पुन्हा येतं ते बघ. ‘एनव्हीएलडीडीएमकेएम’ असं लांबलचक नाव दिसलं तर तो एनव्हिडियाचा ड्रायव्हर. ‘एटीआय’ किंवा ‘एएमडी’ने सुरू होणारं नाव असेल तर एएमडीचा. आणखी खोलात जायची आवड असेल तर या नोंदी उलगडून दाखवणारं मायक्रोसॉफ्टचं विनडीबीजी फुकट मिळतं. विंडोज फोल्डरमधल्या मिनीडंप या फोल्डरातली फाइल त्यात उघडता येते. इंजिनीअरिंगच्या मुलाने ते शिकावं असं मला वाटतं.

टीडीआर काय असतं सांगते. ग्राफिक्स कार्डाला काम दिलं की विंडोज त्याच्या उत्तराची ठरावीक वेळ वाट बघतं, मुळात ती २ सेकंद असते. उत्तर आलं नाही तर विंडोज ग्राफिक्सचा ड्रायव्हर झटकून नव्याने चालू करतं. तुझी स्क्रीन काळी होऊन परत येते ते हेच. पुन्हा पुन्हा तसं करूनही जमलं नाही की मग निळा पडदा. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात, जाऊन ही २ सेकंदांची मुदत वाढवायचे सल्ले तुला सगळीकडे सापडतील. सध्या ते करू नकोस, कारण आपल्याला कार्ड उत्तर का देत नाही ते शोधायचं आहे.

जुना ड्रायव्हर पूर्ण काढायला सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी गरजेपुरत्या ड्रायव्हरवर चालणाऱ्या विंडोजमध्ये, जा : शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट, मग ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग स्टार्टअप सेटिंग्ज, तिथं पुन्हा रीस्टार्ट आणि यादी आली की ४. तिथं डीडीयू नावाच्या सॉफ्टवेअरने ड्रायव्हर साफ कर आणि कार्डाच्या कंपनीचा ड्रायव्हर नव्याने टाक. त्रास एखाद्या अपडेटनंतर सुरू झाला असेल तर नवीनच्या मागे न लागता त्याआधीची आवृत्ती टाक. त्यापूर्वी एक काळजी घे. विंडोज ११ च्या बऱ्याच मशीनवर डिस्क आपोआप बिटलॉकर नावाच्या सोयीने कुलूपबंद झालेली असते. सेफ मोडमध्ये जाताना किंवा बायोसमध्ये काही बदलल्यावर ती ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती की तुझ्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर असते. आधीच मोबाइलवर उघडून कागदावर उतरवून ठेव. की नसेल तर डेटा गेला, मग माझ्यासकट कुणालाही तो काढता येणार नाही.

ड्रायव्हर बदलूनही तसंच राहिलं तर कॅबिनेट उघड. कार्डाचे पंखे फिरतात का, कार्ड खाचेत पूर्ण बसलंय का, त्याची वेगळी पॉवर केबल टोकापर्यंत गेलीय का, आणि एसएमपीएस त्या कार्डाला पुरेल एवढ्या वॉटचा आहे का. मिरजेत एप्रिल-मेमध्ये बंद खोलीत, टेबलाच्या कप्प्यात कोंबलेलं कॅबिनेट मी पाहिलं आहे. हवाच नाही तर कार्ड काय करणार! ओव्हरक्लॉक केलं असशील, म्हणजे कार्डाचा वेग मुद्दाम वाढवला असशील, तर ते मूळ जागी आण. नवीन पीसी आहे, वॉरंटी चालू असेल. ती चालू असताना कार्डाचे स्क्रू स्वतः खोलू नकोस.

प्रश्न : ताई, मी रेसिपी बघत होते तेव्हा अचानक पूर्ण स्क्रीन निळी झाली. मोठ्या आवाजात इंग्रजीत बाई बोलायला लागली की कॉम्प्युटरला व्हायरस आहे, बंद करू नका, या नंबरवर फोन करा. मी घाबरून फोन केला. त्यांनी एक ॲप टाकायला लावलं आणि माझा माउस तेच हलवू लागले. दुरुस्तीचे पैसे मागितले तेव्हा मुलाने वायर काढून टाकली. पैसे दिले नाहीत. आता कॉम्प्युटर वापरू का? घरात सगळे मलाच बोलतायत.
— गृहिणी, सातारा

उत्तर : वहिनी, तुमच्या मुलाने अगदी बरोबर केलं. आणि घरच्यांना माझा निरोप सांगा की यात तुम्हाला बोलायचं कारण नाही. ही माणसं रोज हाच धंदा करतात आणि चांगले शिकलेले, नोकरीतले लोक त्यांना फसतात.

तो निळा पडदा विंडोजचा नव्हताच. ते ब्राउझरमधलं एक पान होतं, पूर्ण स्क्रीनभर पसरवलेलं. खऱ्या निळ्या पडद्यावर फोन नंबर कधीच नसतो आणि तो कधी बोलत नाही. खरा पडदा येतो तेव्हा माउसचा बाण हलत नाही, सगळं गोठलेलं असतं. त्याच्यावर चौकोनी क्यूआर कोड दिसला तर तो मायक्रोसॉफ्टच्या मदतीच्या पानाचा असतो. मायक्रोसॉफ्ट स्वतःहून तुम्हाला फोन करत नाही, फोन करायलाही सांगत नाही. पुन्हा कधी असं झालं तर एस्केपचं बटण दाबून धरा किंवा ऑल्ट आणि एफ ४ एकदम दाबा. तरीही जात नसेल तर कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. परत उघडताना ब्राउझर “जुनी पानं परत आणू का” विचारेल, नको म्हणा.

आता तुमच्या मशीनचं. ॲप टाकलं गेलं आणि त्यांनी माउस हलवला, म्हणजे थोडा वेळ का होईना ते आत होते. इंटरनेटची वायर काढलेलीच राहू द्या. सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीत तारखेप्रमाणे लावून त्या दिवशी आलेलं सगळं काढा. त्यानंतर विंडोज सिक्युरिटीतला ‘ऑफलाइन स्कॅन’ चालवा, तो विंडोज सुरू होण्याआधी तपासतो. त्या कॉम्प्युटरवरून कधी बँकेचं काम केलं असेल, पासवर्ड ब्राउझरमध्ये जपलेले असतील, तर ते सगळे पासवर्ड दुसऱ्या मोबाइलवरून बदला. या मशीनवरून नको. ईमेलचा आधी, मग बँकेचा. बँकेच्या शाखेत जाऊन घडलेलं सांगा. पैसे गेले नसले तरी १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर त्या ठगांचा फोन नंबर नोंदवा. पैसे गेले असते तर तोच क्रमांक पहिल्या तासातच लावायचा असतो, जितकी घाई तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

हेही सांगते, कारण असंच पत्र पुन्हा येणार : खात्रीच वाटत नसेल, मशीनमध्ये कुणी काय ठेवून गेलं ही भीती राहत असेल, तर तुमच्या बाबतीत फॉरमॅट योग्य आहे. वर गुरुजींना मी नको म्हटलं ते हार्डवेअरच्या दोषासाठी. अनोळखी माणूस आत येऊन गेल्यावर घर धुऊन काढायचंच. फोटो आणि कागदपत्रं काढून घ्या, प्रोग्राम मात्र जुने उचलून आणू नका, नव्याने टाका.

प्रश्न : २०२४ मध्ये विमानतळांवरचे कॉम्प्युटर एकाच दिवशी निळे पडले होते आणि बोर्डिंग पास हाताने लिहून दिले. तसं आमच्या घरच्या कॉम्प्युटरला होऊ शकतं का? अपडेट बंदच करून टाकू का?
— एक वाचक, वाई

उत्तर : तो दिवस १९ जुलै २०२४. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरला एक सदोष अपडेट गेलं. ते सॉफ्टवेअर कर्नलमध्ये बसून काम करतं, त्यामुळे त्याची चूक म्हणजे थेट निळा पडदा. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख मशीन अडकली. चालू होताच पुन्हा निळी, पुन्हा चालू, असं चक्र होतं. उपाय साधा होता, सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढायची, पण सुरुवातीला हजारो मशीनवर माणसांनी जाऊन ते हाताने केलं. हे सॉफ्टवेअर मोठ्या कंपन्या घेतात, तुमच्या घरी ते नसणार.

अपडेट बंद करू नका. सुरक्षेची भोकं त्यातूनच बुजतात. त्याऐवजी शोधात इंग्रजीत ‘रीस्टोर पॉइंट’ टाइप करून बघा. घरच्या बऱ्याच मशीनवर ही सोय बंदच असते. सी ड्राइव्हसाठी ती चालू करा, थोडी जागा द्या. एखाद्या ड्रायव्हर किंवा अपडेटनंतर पडदा निळा व्हायला लागला तर मशीन आदल्या स्थितीला नेता येतं आणि तुमच्या फाइलींना धक्का लागत नाही. विंडोज उघडतच नसेल तर मशीन सुरू होताना ओळीने दोन-तीनदा पॉवर बटणाने बंद करा, त्यानंतर दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. तिथं ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये सिस्टम रीस्टोर आणि ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ दोन्ही आहेत. पहिल्यांदा शेवटचं अपडेट काढून बघा.